आप्पांच्या वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत काय लिहावे?

येळ्ळूरची लेक :
नमस्कार. येत्या पौषात आमच्या आप्पांचे वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी पैपाहुण्यांना देण्यासाठी चार पानांची पुस्तिका छापावी, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. 1991 साली आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि धाकटा भाऊ जेमतेम तीन वर्षांचा. त्यानंतर दोन एकर भातशेती सांभाळत आप्पांनी आम्हांला एकट्याने वाढवले. "पोरांसाठी त्यांनी दुसरे लग्न केले नाही, हे पहिल्याच ओळीत यायला हवे," असे काका म्हणतात. पण ते वाक्य वाचले की आप्पांचे आयुष्य आमच्यामुळे अडून राहिले असे वाटते आणि माझा जीव कासावीस होतो.

मला आठवतात ते आप्पा वेगळेच आहेत. शेजारच्या कन्नड अक्कांनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधून त्यांना वेणी घालायला शिकवले होते, आणि तरीही पहिला महिनाभर शाळेत पोहोचेपर्यंत माझी एक वेणी सुटलेली असे. असे लिहिले तर लोकांना पोरकट वाटेल का?

वडगावकर :
अजिबात वाटणार नाही, ताई. माझे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करत आणि घरी कोणी नसल्यामुळे मला सोबत नेत. मी मागाच्या खडखडाटातच झोपायला शिकलो. सुट्टीच्या दिवशी माग बंद असला की मला झोप येत नसे. ते गेल्यावर आम्ही पत्रकात 'त्यागमूर्ती' आणि 'आईची माया देणारे पिता' असे छापले. आज ते हातात घेतले की त्यात माझे वडील कुठेच सापडत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. वेणीची आठवण अवश्य लिहा, आणि त्या अक्का हयात असतील तर त्यांच्याकडूनही ऐकून घ्या.

खानापूरहून :
जन्मतारीख मात्र शाळेच्या दाखल्यावरून पडताळून घ्यावी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माझ्या वडिलांची त्याआधीची नोंद मराठीत आणि नंतरची कन्नडात निघाली, आणि दोन्हींत आडनाव वेगळे होते.

शेतीबद्दलही लिहा. येळ्ळूरच्या शिवारातील बासमती उंच वाढते, पावसावाऱ्यात आडवी पडते आणि उतारा कमी देते, म्हणून अनेकांनी ती सोडून जास्त पिकणारी वाणे घेतली. आप्पांनी ती कोणत्या वर्षी सोडली आणि त्या वर्षी तुम्ही कितवीत होता, हे ताडून पाहा. राहिला काकांचा आग्रह. लग्नाविषयी आप्पा स्वतः कधी काही बोलले होते का?

येळ्ळूरची लेक :
आपणा दोघांचे मनापासून आभार. बासमती आम्ही मी दहावीत असताना सोडली, हे आज भावाशी बोलताना प्रथमच ध्यानात आले.

आप्पा एकदाच बोलले होते. माझ्या लग्नाआधी बांधावर बसून मी त्यांना विचारले, तेव्हा हातातला विळा खाली ठेवून ते म्हणाले, "तुझी आई अजून पुरते मला." हे मी काल काकांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग पहिल्या ओळीत हेच घाल म्हणाले.