पोळी बंद, ज्वारीची भाकरी सुरू; तरी जेवणानंतरची साखर २३० च्या पुढेच

प्रश्न : पाटावरची

सासूबाई, वय ६१, नऊ वर्षांचा मधुमेह. गोळ्या : मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. दोन वेळा, सकाळी ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ. उपाशीपोटी १२५-१३५ येते. पोळी पूर्ण बंद करून भाकरी सुरू केली, पण दुपारी जेवणानंतर दोन तासांनी २३०-२४५. ताटात दीड भाकरी, पालेभाजी, वाटीभर पातळ आमटी, शेवटी मूठभर ताक-भात. सकाळी सहाला चहा आणि चार मारी, नऊला पोहे किंवा नाचणीची आंबिल. गोड काहीच नाही. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. अजून काय बंद करायचं?

वाटी-चमचा

बंद काही करू नका, आधी भाकरीचं पीठ तोला. गहू काय नि ज्वारी काय, १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं साधारण ६५ ते ७० ग्रॅमच. ज्वारीत फरक पडतो, पण थोडा. फुलका २५ ग्रॅम पिठाचा असतो आणि हाताने थापलेली भाकरी सहज ६०-७० ची होते. म्हणजे दीड भाकरी हे जवळजवळ चार फुलके, वर भात. पूर्वी त्या तीन पोळ्या खात असतील तर पीठ कमी झालेलंच नाही.

दुसरी अडचण आमटीची. पातळ आमटीच्या वाटीत डाळ जेमतेम १०-१२ ग्रॅम, प्रथिनं अडीच ग्रॅमच्या आसपास. भाकरीला अडवायला ताटात काहीच नाही. त्याऐवजी ३० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मुगाची उसळ करा (प्रथिनं ७ ग्रॅम), किंवा तेवढ्याच बेसनाचं पिठलं, किंवा दोन अंडी, मासळी. ५० ग्रॅम पिठाची एकच भाकरी, उसळ, मोठी वाटी कोशिंबीर, भाजी. मिळून कर्बोदकं ५०-५५ ग्रॅमच्या घरात बसतात. भात हवा असेल त्या दिवशी भाकरी अर्धी.

आधी कोशिंबीर नि उसळ, मग भाकरी. हा क्रम पाळला तरी जेवणानंतरचा आकडा खाली येतो. आणि ‘गोड काहीच नाही’ म्हणताना आमटीतला गूळ आणि कोशिंबिरीतली चिमूटभर म्हणत पडणारी साखर धरलीत का? गूळही बहुतांश साखरच.

आता मोजण्याचं. फक्त जेवणानंतरचा आकडा बघून काही कळत नाही. जेवायला बसताना एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, अशी जोडी घ्या. हात साबणाने धुऊन, कोरडे करून. जेवणाआधीच १८० असेल तर दोष दुपारच्या ताटाचा नाही, नाश्त्याचा आहे. आधी १३० आणि नंतर २४० असेल, तर ताट.

केळफूल

मला तरी नाश्ताच जास्त संशयास्पद वाटतो. नाचणी चांगली, तिच्यात कॅल्शियम भरपूर. पण बारीक पीठ शिजवून पातळ प्यायलं की साखर भराभर चढते. आंबिलीपेक्षा नाचणीची भाकरी बरी. पोह्यांची एक प्लेट म्हणजे ६० ग्रॅम कोरडे पोहे, कर्बोदकं ४५ च्या पुढे, त्याआधी चार मारींचे १८-२०. करायचेच तर ३० ग्रॅम पोह्यांत तेवढेच मोड आलेले मूग आणि मटार घालून करा, बटाटा नको. नाहीतर ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून, वाटून धिरडी. सहाच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे.

रांगेतला

थांबा, वरचं सगळं बरोबर असलं तरी एकदम करू नका. ग्लिमेपिराइड पोटात काही असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं. खाणं निम्म्यावर आणलं आणि गोळी तीच ठेवली, तर दुपारी बारा-एकला हात थरथरणं, घाम, चिडचिड सुरू होईल. बदल करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, डोस कमी करावा लागू शकतो. ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पुढे कधी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (आतड्यात कर्बोदकं आणि साखर फुटणं लांबवणाऱ्या गोळ्या) सुरू झालं, तर मात्र साखरेने लवकर भागत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. घरात पुडा असू द्या.

मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू असेल तर बी१२ ही तपासून घ्या.

पाटावरची

भाकरी तोलली. ७४ ग्रॅम पीठ! आमटीत गूळही असतोच. दुपारची जोडी १७२ आणि २३८ आली. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे. एक राहिलं : त्या एकादशी सोडणार नाहीत.

वाटी-चमचा

१७२ म्हणजे केळफूल यांचा संशय खरा, पण ६६ ची वाढही कमी नाही. नाश्ता आधी सुधारा, त्याने दुपारचा आकडाही उतरेल.

एकादशीला साबुदाणा नको. १०० ग्रॅमला ८७ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं जवळजवळ शून्य, वर बटाटा. वरीचा भातही वाटीभरच. राजगिऱ्याच्या पिठाची छोटी भाकरी, दही, काकडीची शेंगदाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी हे चालतं.

रांगेतला

आणि त्या दिवशी सकाळची ग्लिमेपिराइड घ्यायची की नाही, घेतली तर किती, हे शनिवारीच लिहून घ्या. फक्त पाण्यावर राहायचा आग्रह असेल, तर तेही सांगा.