१८१८ हे वर्ष नेमके कोणाच्या पराभवाचे?

लकडीपूल (प्रश्न):
नमस्कार. आमच्या वाचनमंडळात सध्या वसाहतवादाच्या वारशावर चर्चा चालू असून ती एका मुद्द्यापाशी अडली आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्या जूनमध्ये शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांनी इंग्रज अधिकारी जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर ते बिठूरला गेले. हा घटनाक्रम शाळेत आपण सर्वांनी ‘स्वराज्य गेले’ याच सुरात शिकलो. मंडळातील तरुण सदस्यांचे म्हणणे असे, की १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई, जिच्यात कंपनीच्या पलटणीतील महार सैनिक पेशव्यांच्या फौजेशी लढले, ज्यांच्या घरी अभिमानाने सांगितली जाते, त्यांना हा सूर आपला वाटत नाही आणि तो वाटावा अशी सक्तीही कोणी करू नये. ज्येष्ठांना यात राष्ट्रभावनेची उणीव दिसते. वसाहतकाळाची एकच सामायिक आठवण नसताना एक राष्ट्रीय ओळख उभी राहू शकते का, आणि त्या राजवटीने आपल्या समाजात मुळात काय बदलले, हे मला समजून घ्यायचे आहे. पुतळे आणि रस्त्यांची नावे कृपया वगळावीत. त्यांवर वाद घालण्यासाठी पुण्यात इतरत्र भरपूर सोय आहे.

मुळाकाठ:
इंग्रज कोणाला मुक्त करण्यासाठी आले नव्हते, येथून सुरुवात करावी. पेशवाईनंतर येथला कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन याचे धोरण जुनी प्रतिष्ठित मंडळी शक्यतो न दुखावण्याचे होते. पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत ती दक्षिणा त्याने चालू ठेवली आणि तिच्याच एका भागातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, जिचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. म्हणजे राज्य बदलले तरी विद्येचा मान आणि पैसा पूर्वीच्याच घरांकडे जात राहिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती या पार्श्वभूमीवर. १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी केलेली तक्रारही हीच आहे: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. हे परक्या सरकारची स्तुती करणाऱ्याचे निवेदन नव्हे, सरकारकडे हिशेब मागणाऱ्याचे आहे.

कोरेगावच्या लढाईच्या स्मरणार्थ कंपनीने उभारलेल्या स्तंभाकडेही असेच पाहावे लागते. ज्या महार सैनिकांच्या बळावर कंपनीने लढाया जिंकल्या, त्यांच्या समाजाची लष्करभरती त्याच सरकारने १८९० च्या दशकात बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभाजवळ गेले, तेव्हा या वंचनेची कहाणी ताजी होती. त्या आठवणीत राजनिष्ठा शोधणाऱ्यांनी १९३० च्या गोलमेज परिषदेतील त्यांचे भाषण वाचावे. इंग्रजी अमलात अस्पृश्यांची स्थिती बदलली नाही, असे त्यांनी तेथे स्पष्ट शब्दांत सुनावले आहे.

भीमथडी:
वरील चर्चा फार शहरी झाली. आमच्या भागात १८१८ पेक्षा १८७५ हे साल अधिक खोल रुतलेले आहे. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीनमोजणी १८३० च्या दशकात इंदापुरापासून सुरू झाली. शेत मोजले गेले, त्याला क्रमांक मिळाला, ते एका खातेदाराच्या नावावर लागले आणि सारा रोख हप्त्यांत ठरला. सावकार त्याआधीही गावात होताच. परंतु आता त्याच्या हाती मुद्रांकित रोखा आणि पाठीशी दिवाणी न्यायालय आले, आणि खातेदाराची जमीन कर्जापोटी लिलावात जाऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापूस महागला, पैसा सैल झाला; १८६५ नंतर भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, इंदापुरात साराही वाढवला गेला. अखेर १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जेथे कर्जरोखे मुकाट्याने हाती दिले गेले, तेथे मारहाण सहसा झाली नाही. त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

शेतकरी ही आमची ओळख आजही सातबाऱ्यावरच्या नावाने सिद्ध होते आणि निवडणुकीत ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा अजून चालते. सरकार गेले, दप्तर राहिले.

अटकेपार:
जात इंग्रजांच्या आधी होती, सावकार होता, दुष्काळ होते. प्रत्येक गोष्टीचे मूळ वसाहतीत शोधले तर शिवकाळापासून चालत आलेल्या ओळखीला आपण काही अर्थच ठेवत नाही, असा माझा आक्षेप आहे.

मोडीवाचक:
आक्षेपाचा पहिला भाग मान्य. दुसऱ्याबाबत एवढेच सुचवतो, की शिवकाळाची आठवणही आपल्यापर्यंत एकोणिसाव्या शतकातील वादांमधून गाळून आली आहे. जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, त्यातला राजा कुणब्यांचा आहे. १८९० च्या दशकात टिळकांनी ज्या उत्सवाचा पुरस्कार केला त्यातला राजा सरकारविरुद्ध लोकांना एकत्र आणणारा आहे. दोघेही पुण्याचेच. पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांचे, उदाहरण तर अधिकच बोलके आहे. इनामांची छाननी करण्यासाठी इंग्रजांनी ते कागद जमवून लावले आणि संशोधकांना ते दीर्घकाळ मोकळेपणाने पाहू दिले नाहीत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून कागदांचे रुमाल (गाठोडी) गोळा करत हिंडले आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, यामागे ही कोंडीही होती. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले दप्तराचे ४५ खंड १९३० नंतर निघाले. आपला इतिहास आपण लिहू, ही जिद्द आली ती अशा बंद दारांतून.

जातीबद्दलही थोडे. जनगणनेने जात निर्माण केली नाही, पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची तरतूद केली, हे पूर्वीच्या कोणत्याही व्यवस्थेपेक्षा वेगळे होते. तो कायदा १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी रद्द झाला. चोरी झाली की प्रथम त्याच वस्तीवर जाण्याची पोलिसी सवय मात्र रद्द झाली नाही.

लकडीपूल:
सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत हंटर आयोगापुढील निवेदन आणि सुप्याचा प्रसंग मी एकत्र वाचायला ठेवणार आहे. माझ्या प्रश्नाचा पहिला भाग मात्र शिल्लक राहिला.

मुळाकाठ:
त्याचे उत्तर येरवड्यात मिळते, असे मला वाटते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात गांधीजी आणि बाबासाहेब या दोन्ही बाजूंची भूतकाळाची आठवण एक नव्हती आणि ती एक करण्याचा प्रयत्नही झाला नाही. वाटाघाट झाली ती जागांवर आणि मतदारसंघांवर: ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघांतून दिलेल्या ७१ विभक्त जागांऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा, पण मतदारसंघ संयुक्त, म्हणजे सर्व मतदारांचा. राखीव जागा आणि संयुक्त मतदार ही रचना पुढे राज्यघटनेत आली आणि आजही आपण तिच्यानुसार मतदान करतो. हा करार गांधीजींच्या प्राणांतिक उपोषणाच्या दडपणाखाली झाला होता आणि बाबासाहेबांनी नंतर त्यावर कठोर टीका केली, कारण राखीव जागेवर कोण निवडून येणार हे संयुक्त मतदारसंघात बहुसंख्याकच ठरवतात. हा आक्षेप आपल्या ज्येष्ठ सदस्यांसमोर जरूर ठेवावा. त्यावर होणारी चर्चा कोरेगावच्या चर्चेपेक्षा अवघड जाईल.