मदत हवी आहे : जुन्या व्यायामशाळेत दिव्यांग सभासदांना इतरांबरोबर व्यायाम करता यावा म्हणून काय बदल करावेत? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

नागपुरातील महाल भागातल्या एका जुन्या व्यायामशाळेच्या कार्यकारिणीवर मी आहे. लाल मातीचा आखाडा, मल्लखांब, मुद्गलांच्या जोड्या, हनुमंताची देवळी आणि मधल्या काळात देणगीतून आलेली काही लोखंडी यंत्रे, एवढा आमचा संसार आहे. शुल्क नाममात्र असल्याने शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळेच येतात. अलीकडे सभासदत्वासाठी दोन असे अर्ज आले, की त्यांवरून कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली, आणि तीतून जे प्रश्न निघाले त्यांची उत्तरे आमच्यापैकी कोणाकडेच नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला अर्ज एका तरुणाचा आहे. रस्त्यावरील अपघातात त्याच्या मणक्याला इजा झाली आणि कमरेखालची हालचाल गेली. हात मात्र उत्तम आहेत. धरमपेठ कॉलेज स्थानकावर मेट्रोत बसून तो चितारओळी चौकात उतरतो, लिफ्टने खाली येतो आणि व्हीलचेअर स्वतः ढकलत आमच्या गल्लीपर्यंत पोहोचतो. येथपर्यंत त्याला कोणाची गरज लागत नाही. गरज लागते ती आमच्या दारात, कारण दारापुढे तीन पायऱ्या आहेत. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली, तेव्हा आमच्या फलकावर रंगीत खडूने मोठे अभिनंदन लिहिले होते. तो फलक नेमका त्या तीन पायऱ्यांच्या वर टांगलेला आहे, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरा अर्ज महाविद्यालयात शिकणाऱ्या, जन्मतः दृष्टिहीन असलेल्या एका मुलीचा आहे. तिला संध्याकाळी महिलांच्या वेळेत यायचे आहे. शाळेत असताना ती धावत असे. शाळा संपली आणि धावणेही संपले. तिच्या आईने विचारले, “मी रोज दीड तास बाकावर बसून राहायचे काय?” हा प्रश्न रास्त आहे. सोबतीला कोणी असल्याशिवाय व्यायाम करता येत नसेल, तर ती सोय तिच्यासाठी झाली असे म्हणता येणार नाही.

कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत असे पडले, की रविवारी दुपारी व्यायामशाळा रिकामी असते, तेव्हा “त्यांच्यासाठी” एक वेगळी वेळ ठेवावी. हेतू वाईट नाही, हे मला मान्य आहे, पण मला हा तोडगा पटत नाही. आमच्याकडे येणारा माणूस केवळ दंड कमावायला येत नाही. जोर मारताना शेजारच्याशी स्पर्धा करायला, चुकले तर उस्तादांची बोलणी खायला आणि नंतर चहाच्या टपरीवर उभे राहायला येतो. रविवारच्या रिकाम्या दालनात यातले काहीच मिळणार नाही. शिवाय आठवड्यातून एकदा केलेल्या व्यायामाने होणार तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांग प्रौढांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे, म्हणजे इतरांना सांगितला तेवढाच.

आता नेमक्या अडचणी सांगतो. तीन पायऱ्यांची मिळून उंची दीड फूट आहे. रॅम्पचा उतार एकास बारा असावा, असे आमच्या एका सभासद अभियंत्याने सांगितले. त्या हिशेबाने १८ फूट लांबी लागते. पायरीपासून फाटकापर्यंतचे अंतर मात्र १३ फूट आहे. काहींचे म्हणणे, की उतार थोडा खडा ठेवू आणि मागून कोणीतरी ढकलेल. दुसरी अडचण उन्हाळ्याची. आमचे छत पत्र्याचे आहे, आणि एप्रिल-मे महिन्यात नागपुरात काय होते हे येथे सांगायला नको. मणक्याची इजा असलेल्यांना उष्णता अधिक बाधते असे ऐकले आहे. ते कितपत खरे, आणि आमचे डेझर्ट कूलर त्यासाठी पुरतील काय? तिसरी अडचण अशी, की आमच्या उस्तादांनी आयुष्यभर धडधाकट पोरे घडवली. बसून करायचे व्यायाम कोणते, हलके मुद्गल व्हीलचेअरवर बसून फिरवले तर चालतील काय, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे आणि त्यांची शिकायची तयारी आहे. चौथी अर्थातच पैशांची. आणि एक पदाधिकारी आग्रहाने म्हणतात, की या दोघांकडून “काही झाल्यास व्यायामशाळा जबाबदार नाही” असे मुद्रांकावर लिहून घ्यावे. हे योग्य आहे काय?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो आणि नागपुरातच राहतो, म्हणून आधी रॅम्पबद्दल लिहितो. उतार खडा ठेवून मागून ढकलण्याचा विचार कृपया सोडून द्या. चढताना चेअर मागे उलटते आणि उतरताना हातांनी आवरत नाही. आणि ढकलणारा रोज शोधायचा असेल, तर त्या मुलाने मेट्रोतून एकट्याने येऊन काय मिळवले? तुमची जागा मला अपुरी वाटत नाही. तुम्ही रॅम्प पायरीपासून सरळ फाटकाकडे काढत आहात, तो इमारतीच्या भिंतीला समांतर काढून पाहा. दर्शनी भिंत २३-२४ फूट लांब असेल आणि दार एका टोकाला असेल, तर १८ फुटांचा उतार आणि दारासमोर ५ फुटांचा सपाट ओटा त्यात बसतो. दार मधोमध असेल, तर मध्ये ५ फुटांचा सपाट टप्पा देऊन रॅम्प काटकोनात वळवा. रुंदी ४ फुटांपेक्षा कमी नको, दोन्ही बाजूंना हातधरणी हवी आणि कडेला चार बोटे उंच कठडा हवा, कारण पुढचे लहान चाक काठावरून घसरले की माणूस तोंडावर पडतो. वर गुळगुळीत फरशी लावू नका. काँक्रीट ओले असताना त्यावर आडवा खराटा ओढला, की पावसाळ्यातही चाक धरून राहील असा खरखरीतपणा येतो.

दाराचा उंबरठाही पाहून घ्या. जुन्या इमारतींत रॅम्प होतो आणि दोन इंचांचा सागवानी उंबरठा तसाच राहतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी.

एका गोष्टीबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही, ती म्हणजे शौचालय. मी दोन व्यायामशाळा त्याच कारणाने सोडल्या. आमच्यापैकी अनेकांना ठरावीक वेळाने कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, मूत्राशय रिकामे करावे लागते. त्यासाठी चेअर वळेल एवढी, म्हणजे सुमारे ५ फूट व्यासाची मोकळी जागा, बाहेर उघडणारे दार, भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि हात धुण्याची सोय लागते. पैसे थोडेच असतील, तर नवीन यंत्र घेण्याआधी हे करा.

तुमच्याकडे टेबल टेनिसचे टेबल असेल, तर ते कोपऱ्यातून बाहेर काढा. त्याचे पाय टेबलाच्या टोकापासून किमान ४० सेंटिमीटर आत असले, की व्हीलचेअरवरचा खेळाडू गुडघे अडखळल्याशिवाय खेळू शकतो. स्पर्धेचा नियमही तोच आहे. एका बाजूला चेअरवर बसलेला आणि दुसऱ्या बाजूला उभा असे दोघे सहज खेळतात. नियमांतील मोठा फरक सर्व्हिसचा आहे: सर्व्हिस टप्पा घेऊन बाजूच्या कडेने बाहेर गेली, तर ती पुन्हा करायची.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट असून मणक्याच्या इजा झालेल्या रुग्णांसोबत काम करते. उन्हाळ्याबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. इजेच्या पातळीखालच्या शरीराला घाम येत नाही किंवा फार कमी येतो, त्यामुळे शरीर थंड ठेवण्याची व्यवस्थाच अपुरी पडते. इजा जितकी वर, तितका धोका मोठा. तुमच्या अर्जदाराची इजा कमरेच्या बाजूची दिसते, त्यामुळे त्याला छाती, हात आणि चेहऱ्यावर घाम येत असावा. तरीही पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी व्यायाम नकोच. सकाळी लवकरची वेळ द्यावी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, पण जुलैत हवा दमट झाली की तो केवळ वारा देतो, हे ध्यानात ठेवावे. पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली जवळ ठेवावी आणि दर थोड्या वेळाने मान, चेहरा व हातांवर फवारावे. चक्कर, मळमळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, की व्यायाम तत्काळ थांबवावा.

पुढे छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असलेले कोणी आले, तर उस्तादांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर मूत्राशय तुडुंब भरणे किंवा पट्टा करकचून बसणे एवढ्या कारणानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे आणि इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम येणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी माणसाला आडवे करू नये. ताठ बसवावे, पट्टे व कपडे सैल करावेत, मूत्राशय रिकामे करण्यास मदत करावी, आणि लक्षणे ओसरली नाहीत तर विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

व्यायामाचे म्हणाल, तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे खांदे दिवसभर पुढच्या बाजूने राबतच असतात. म्हणून त्याला छातीचे व्यायाम देण्यापेक्षा पाठीकडे ओढण्याचे व्यायाम अधिक द्यावेत. केबल-पुलीचे यंत्र त्याकरिता उत्तम. त्यासमोरचे बाक हलवता येण्याजोगे असले, की चेअर थेट आत जाते. मुद्गलांचा विचार मला आवडला. चेअरचे ब्रेक लावून, छातीभोवती रुंद पट्टा बांधून आणि अगदी हलकी जोडी घेऊन सुरुवात करता येईल. मात्र खांद्यात टोचल्यासारखे दुखले, तर ते अंगावर काढू नये. मणक्याची इजा असलेल्यांसाठी तज्ज्ञांनी सुचवलेली किमान मात्रा अशी आहे: आठवड्यातून दोनदा २० मिनिटे दमवणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, प्रत्येक मोठ्या स्नायूगटासाठी तीन फेऱ्या. रक्तदाब, शर्करा आणि हृदयाच्या आरोग्यासाठी याहून अधिक केल्यास चांगलेच.

आणि बाकांचे फाटलेले रेक्झिन आधी बदला. ज्या त्वचेला संवेदना नाही तिच्यावर घासलेला ओरखडा माणसाला कळत नाही, आणि त्यातून झालेली जखम भरायला महिने लागतात.

प्रतिसाद ३

दृष्टिहीन मुलीबद्दल लिहितो, कारण मलाही दिसत नाही. पहिल्या दिवशी कोणीतरी तिला दालनाची एक फेरी हात धरून घडवावी आणि प्रत्येक वस्तू दाराच्या संदर्भात सांगावी. त्यानंतर डंबेल ज्याच्या त्या खाचेत परत ठेवण्याचा नियम सर्वांनी पाळला, तर आईला बाकावर बसावे लागणार नाही. जमिनीवर टाकून दिलेली वजने हाच आमचा खरा शत्रू आहे. उस्तादांनी “असे कर” म्हणण्याऐवजी “उजवी कोपर खांद्याच्या रेषेत आण” असे सांगावे. मल्लखांबापासून तिला दूर ठेवू नका. मुंबईत उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला आहे आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धावण्यासाठी तुमच्याच महिला सभासदांपैकी कोणी तिच्याच वेगाची जोडीदार व्हावी: दोघींच्या हातात एक लहानशी दोरी आणि सकाळचे रेशीमबाग मैदान. नागपुरातल्याच दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत पॅरा जलतरणाच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक घेतले, हेही त्या मुलीला कोणीतरी सांगावे.

प्रतिसाद ४

मुद्रांकाविषयी: केवळ या दोघांकडून लिहून घेणे हा उघड भेदभाव ठरेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ मध्ये दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. आरोग्याची माहिती आणि तातडीचा संपर्क क्रमांक घेणारा एकच अर्ज सर्व सभासदांसाठी ठेवा. छातीत दुखत असूनही न सांगणारे काका तुमच्याकडेही असतीलच. त्याच अधिनियमाच्या कलम ३० नुसार दिव्यांगांना क्रीडाप्रकारांत प्रभावी सहभाग मिळावा यासाठी शासनाने व क्रीडा प्राधिकरणांनी उपाययोजना करायची आहे, ज्यात सुविधांची पुनर्रचना आणि निधीही येतो. अर्ज करताना या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

निधीसाठी तीन दारे आहेत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात व्यायामशाळा विकास अनुदानाची चौकशी करा. महानगरपालिकेकडे दिव्यांग कल्याणासाठी राखीव निधी असतो, त्यातून रॅम्प व शौचालयाची मागणी नकाशा जोडून लेखी करा. आणि कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत पॅरालिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख असल्याने, नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातील कंपन्यांकडे सामाजिक दायित्व निधी मागताना “व्यायामशाळेचा जीर्णोद्धार” असे न लिहिता “पॅरा टेबल टेनिस व पॅरा पॉवरलिफ्टिंगचे प्रशिक्षण” असे लिहा, अर्थात ते खरोखर सुरू करणार असाल तरच.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दार इमारतीच्या डाव्या टोकालाच आहे, त्यामुळे भिंतीला समांतर रॅम्प बसेल असे आमच्या अभियंत्यालाही वाटते. मात्र त्याच भिंतीलगत महानगरपालिकेची उघडी नाली आहे आणि तिच्यावरचे ढापे डुगडुगतात. हे शब्द उस्तादांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी सर्वांत हलकी मुद्गलांची जोडी वेगळी काढून ठेवली आणि स्वतः खुर्चीवर बसून ती फिरवून पाहिली. बसून फिरवताना जोडी मांडीला लागते, म्हणून दांडा थोडा आखूड करावा लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. नालीवर रॅम्पचा भार येणार असेल, तर महानगरपालिकेच्या कोणत्या विभागाची परवानगी घ्यावी लागते? आणि हलवता येणाऱ्या बाकासह केबल-पुलीचे यंत्र नागपुरात कोणी जुने विकत असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. रविवारच्या वेगळ्या वेळेचा ठराव पुढील बैठकीत मतास येणार आहे. प्रतिसाद १ आणि ३ लिहिणाऱ्यांना त्या बैठकीस येता येईल काय? रॅम्प तोवर झालेला नसेल, म्हणून बैठक आम्ही आखाड्यापुढच्या अंगणातच ठेवू.