जॉन मॅकीचं नाव इतकं का घेतात?

गोदाकाठ:
दोन वर्षांपूर्वी आम्ही मेरीलँडला आलो. मुलगा नववीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात त्याला टाइट एंडच्या जागी घेतलंय. कोच म्हणाला, बाल्टिमोर कोल्ट्सच्या जॉन मॅकीचे जुने सामने बघ. मी आकडे काढले: १० मोसम, ३३१ झेल, ३८ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण). याच जागेवर खेळलेल्या टोनी गोन्झालेझचे झेल तर १,३२५ आहेत! मग मॅकीच का? मला क्रिकेटपलीकडे फारसं कळत नाही, सोपं करून सांगा.

रानजाई:
झेलांची संख्या जरा बाजूला ठेवा. टाइट एंड ओळीच्या टोकाला, धिप्पाड गड्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. निम्मं काम समोरच्याला अडवायचं, निम्मं सुटून पळायचं आणि चेंडू झेलायचा. १९६३ साली मॅकी सिरॅक्यूज विद्यापीठातून कोल्ट्सकडे आला, तेव्हा ही जागा मुख्यतः अडवणाऱ्याचीच समजत. शिकागोचा माइक डिट्का आणि मॅकी यांनी ती समजूत मोडली. मॅकीचे झेलामागे सरासरी १५.८ यार्ड आहेत. १९६६ साली ९ टचडाउन, त्यातले ६ पन्नास किंवा जास्त यार्डांचे!

त्याच वर्षीचा डेट्रॉइटविरुद्धचा ६४ यार्डांचा टचडाउन मुलाला दाखवा. एकेक जण अंगावर येतो, धरतो, गळून पडतो आणि हा गुडघे उचलत पुढेच. कबड्डीत एखादा चढाईपटू तिघाचौघांना ओढत मध्यरेषा गाठतो ना, तस्सं. आमचे शेजारी आजोबा तेव्हा कोल्ट्सच्या मेमोरियल स्टेडियमला जायचे. मॅकीचं नाव काढलं की अजूनही खुर्चीतून उठून पाय आपटत दाखवतात.

मला मात्र तो आणखी एका कारणाने मोठा वाटतो. १९७० साली तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, त्याच उन्हाळ्यात संप झाला. तेव्हा करार संपला तरी खेळाडू मोकळा नसे: नव्या संघाने जुन्याला काय भरपाई द्यायची ते लीगचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, पीट रोझेल ठरवायचा, त्यामुळे कुणी हात लावायला धजत नसे. मॅकीच्या नावाने खटला चालला आणि १९७६ साली अपील कोर्टानेही तो नियम बेकायदा ठरवला. तोवर तो निवृत्त झाला होता. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्याला १९९२ साली घेतलं, नेहमीच्या यादीतल्या शेवटच्या संधीला. युनियनचा राग काढला, असं आजोबा ठामपणे म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

साठीच्या सुमारास त्याला डिमेन्शिया झाला. हे लिहिताना हात थांबतो, कारण माझ्या सासऱ्यांना तोच आजार होता. निवृत्तीला पंधरा वर्षं झालेली, तरी पहाटे चपला घालून दारात उभे: "आठ बाराची लोकल चुकेल." आपल्याकडे म्हातारचळ म्हणून सोडून देतात. मॅकीची बायको सिल्व्हिया हिने सोडलं नाही. विमानात हवाई सेविकेची नोकरी धरली, घर चालवलं आणि लीगच्या कमिशनरला पत्र लिहिलं. त्यातून २००७ साली '८८ प्लॅन' आला: डिमेन्शिया झालेल्या माजी खेळाडूला संस्थेत ठेवायला वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत. ८८ हा मॅकीच्या जर्सीचा आकडा.

हुतुतू:
पाचवा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, तोही बघा, जानेवारी १९७१. कोल्ट्सच्या युनायटसने फेकलेला चेंडू त्याच्याच संघातल्या हिंटनच्या हाताला लागून उडाला, मग समोरच्या डॅलस संघाच्या रेनफ्रोच्या बोटांना घासून मॅकीकडे, तिथून ७५ यार्डांचा टचडाउन. मध्ये रेनफ्रोचा स्पर्श झाला नसता तर तेव्हाच्या नियमाने झेल बाद होता. रेनफ्रो म्हणायचा, माझा हात लागलाच नाही. कोल्ट्स १६-१३ जिंकले.

गोदाकाठ:
डेट्रॉइटचा टचडाउन आम्ही दोघांनी चारदा बघितला. पण रानजाई, खरं सांगा, त्याचा आजार खेळामुळेच का? मुलाची आई कालपासून गप्प आहे.

रानजाई:
२०११ साली तो गेल्यावर मेंदू बॉस्टन विद्यापीठाला दिला होता. त्यात सीटीई सापडला, डोक्याला वारंवार मार बसणाऱ्यांत दिसणारा आजार. तेव्हा वहिनींची काळजी रास्त आहे, त्यांना गप्प बसवू नका. मेरीलँडमध्ये २०११ पासून कायदा आहे: डोक्याला मार लागल्याची शंका आली तर मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. बाहेर कोण काढतं आणि सरावात डोकं खाली घालून भिडायला लावतात का, हे दोघांनी मिळून कोचला विचारा. सोमवारीच जा.