सैन्यातील धर्मशिक्षक सीमेवर नेमके काय काम करतात?

प्रश्न : एक पालक, होटगी रस्ता, सोलापूर

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या मुलाने संस्कृतमधील शास्त्री पदवी घेतली असून कर्मकांडाची एक वर्षाची पदविकाही पूर्ण केली आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य चालत आले आहे, पण त्याला भूसेनेत धर्मशिक्षक म्हणून जायचे आहे. नातेवाईक म्हणतात की देवळात बसून पूजाच सांगायची, त्यात काळजी कसली? त्याच्या आईला मात्र हे पटत नाही. पलटण सीमेवर असताना या माणसाचा दिवस कसा जातो, आणि वेगळ्या धर्माच्या जवानांशी त्याचा संबंध येतो का, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आम्हाला निर्णय घेणे सोपे जाईल.

उत्तर : निवृत्त सुभेदार, बार्शी

दादा, प्रथम पद समजून घ्या. धर्मशिक्षक नायब सुभेदार या हुद्द्यावर, म्हणजे जेसीओ (कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी, जवान आणि अधिकारी यांच्यामधला हुद्दा) म्हणून भरती होतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि लडाख स्काउट्स या रेजिमेंटसाठी बौद्ध भिक्षू असे त्यांचे प्रकार आहेत. पलटणीत कोणत्या धर्माचे जवान किती आहेत, यावर तिथे कोण असणार ते ठरते. अमेरिका किंवा ब्रिटनच्या सैन्यात हे काम कमिशन मिळालेले अधिकारी करतात. आपल्याकडे तो जेसीओ असल्यामुळे जवानाला त्याच्याजवळ बसून बोलणे सोपे जाते, असे मला नोकरीभर दिसले. त्यांना पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत प्रशिक्षण मिळते आणि तिथे सगळ्या धर्मांचे शिक्षक एकत्र शिकतात. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, रोजच येतो’ असे आहे. अनेक ठिकाणी एकाच छताखाली सर्वधर्मस्थळ असते आणि ईद असो वा गुरुपूरब, सगळी पलटण हजर राहते.

छावणीतला दिनक्रम ठरलेला असतो : सकाळ-संध्याकाळ आरती, ठरल्या दिवशी मंदिर परेड (सगळ्या जवानांची एकत्र प्रार्थना), सणवार. त्याखेरीज रुग्णालयातील आजाऱ्यांची भेट, शिक्षा भोगत असलेल्या जवानांची भेट, मुलांना धर्मशिक्षण आणि अंत्यसंस्कार ही त्याची नेमून दिलेली कामेच आहेत. सीमेवर गेल्यावर यातले देवळातले काम कमी होते आणि माणसांमधले वाढते.

उत्तर : माजी धर्मशिक्षक, पंढरपूर

सुभेदारसाहेबांनी चौकट बरोबर मांडली आहे. मी तिच्या आतले थोडे सांगतो, कारण आपल्या चिरंजीवांना खरी तयारी त्याचीच करावी लागेल.

लडाखच्या उंचीवर हिवाळ्यात समईतले तेल गोठते. ते आधी बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ ठेवून पातळ करून घ्यायचे, मग वात लावायची. नारळ फोडला तर आतून पाण्याऐवजी बर्फाचा गोळा निघतो, आणि प्रसादाला शिध्यात आलेले काजू-मनुकेच असतात. पूजा आटोपशीर होते, पण ती चुकवून चालत नाही, कारण चार-सहा जवान पहाऱ्यावरून उतरून तेवढ्यासाठीच बसलेले असतात. त्यानंतर हवामान आणि परवानगी पाहून पुढच्या चौक्यांवर जायचे. तिथे प्रवचनाची अपेक्षा कोणी करीत नाही. चहा होतो, आणि मग त्यातला एखादा हळूच म्हणतो, ‘पंडितजी, जरा बाजूला या.’

ते बाजूला जाऊन ऐकणे हाच या नोकरीचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे. बांधावरून भावाशी वाद लागलेला असतो, कारखान्याने उसाचे बिल दिलेले नसते, आईचे ऑपरेशन ठरलेले असते आणि रजा मिळेल की नाही याची खात्री नसते, किंवा बायको फोनवर नीट बोलत नाही एवढेच त्याचे दुःख असते, पण रात्रभर एकट्याने पहारा देताना ते डोंगराएवढे होते. यातले बहुतेक आपल्यापाशीच ठेवायचे असते. रजेचा प्रश्न असेल तर त्याला विचारून कंपनी कमांडरच्या कानावर घालायचा. मात्र जवानाच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा सूर आला, तर त्याच घटकेला पलटणीच्या डॉक्टरांना आणि कमांडिंग ऑफिसरना सांगितलेच पाहिजे, आणि सांगणार आहोत हे त्या जवानालाही प्रेमाने सांगावे. इथे गुप्ततेचा विचार करीत बसू नये.

कोणी शहीद झाला तर पार्थिव घरी रवाना होण्यापूर्वीचे धार्मिक विधी धर्मशिक्षकाकडे येतात. मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालताना भोवती त्याच्याच तुकडीची मुले उभी असतात, आणि आपला आवाज कापला तर त्यांचा धीर सुटतो. यासाठी मंत्र पाठ असून भागत नाही. संध्याकाळी त्या मुलांजवळ जाऊन बसण्याइतके बळ शिल्लक ठेवावे लागते.

प्रतिसाद : एक वीरपत्नी, मंगळवेढा तालुका

माझे मिस्टर गेले तेव्हा पलटणीतले पंडितजी तेराव्यापर्यंत रोज सासूबाईंना फोन करीत होते. शेवटच्या आठवड्यात ते काय जेवले, कोणाशी हसले, घरच्यांची काय आठवण काढली, हे त्यांनी आम्हाला सांगितले. सरकारी कागदपत्रांत हे कुठेच मिळत नाही. दादा, आपल्या मुलाच्या मनात हे काम करायचे असेल तर त्याला अडवू नका, एवढेच मी सांगेन.

प्रश्नकर्ता :

ताई, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. त्याच्या आईला मी हे वाचून दाखवले. तिने एकच विचारले आहे : युद्धात धर्मशिक्षक शत्रूच्या हाती सापडला तर?

उत्तर : माजी धर्मशिक्षक, पंढरपूर

वहिनींची शंका रास्त आहे. १९४९च्या पहिल्या जिनिव्हा करारातील कलम २४ नुसार सैन्याशी संलग्न धर्मगुरूंना सर्व परिस्थितीत संरक्षण द्यावे लागते. ओळखीसाठी डाव्या दंडावर बोधचिन्हाची पट्टी बांधण्याची तरतूदही त्या करारात आहे. तो पकडला गेला तरी त्याला युद्धकैदी मानत नाहीत. आपल्या कैदी जवानांची धर्मसेवा करण्यासाठी आवश्यक असेल तेवढाच काळ त्याला ठेवून घेता येते आणि त्या काळात कैद्यांना भेटण्याची मुभा द्यावी लागते. भारताने हे करार स्वीकारले असून त्यासाठी १९६०चा स्वतंत्र कायदाही आहे. अर्थात तोफगोळा किंवा हिमस्खलन पट्टी पाहून थांबत नाही. जोखीम असतेच, आणि ती घरच्यांपासून लपवू नये.

आता चिरंजीवांसाठी. पदवी व पदविकेची मूळ प्रमाणपत्रे तयार ठेवावीत, आणि वय, उंची वगैरे अटी चालू जाहिरातीतूनच तपासाव्यात, कारण त्या बदलतात. शारीरिक चाचणीत १६०० मीटर अंतर ८ मिनिटांत धावावे लागते, आणि पौरोहित्य करणारी बरीच मुले इथेच मागे पडतात. त्याने उद्यापासून पार्क स्टेडियमवर पहाटे धावायला सुरुवात करावी. रुग्णालयात ओळख असेल तर आठवड्यातून एखादी दुपार तिथल्या रुग्णांजवळ बसून काढावी. हे काम त्याला झेपते की नाही, ते त्याचे त्यालाच तिथे समजेल. जाहिरात आली की मला इथेच कळवा, मुलाखतीची तयारी मी करून घेईन.