रनफ्लॅट काढा, पण स्टेपनीचं काय?
बीएमडब्ल्यू थ्री सिरीजचे रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे) टायर झिजलेत, साधे ट्यूबलेस टाकू का, असं विचारलंय तुम्ही. मी टाकले. खड्ड्यात कमरेत बसणारा दणका गेला. आई आता मागच्या सीटवर चक्क झोपते. पण गाडीला स्टेपनी नाही, हे विसरू नका. रनफ्लॅटची बाजूची भिंत जाड, म्हणून हवा गेली तरी ताशी ८०च्या आत साधारण ८० किमी जाता येतं. कशेडी घाट उतरताना रात्री टायर बसला, तेव्हा महाडपर्यंत मुलांना जागंही करावं लागलं नव्हतं. आता डिकीत पंप आणि पंक्चर किट असतं. त्याने खिळ्याचं भोक बुजतं, बाजूला चीर गेली तर टोइंगच (सासुरवाडीसमोर झालंय). आणि बदलायचे तर चारही एकदम.