लायपेज देणारा मातीतील जिवाणू: ग्लुकोज घातल्यावर वाढ दुप्पट, विकर मात्र नाहीसे

मृद्गंध:
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी लातूरमधील एका तेलघाण्यामागच्या, वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या मातीतून एक दंडाकार, ग्रॅम-धन, बीजाणू तयार करणारा जिवाणू वेगळा केला आहे. ट्रायब्युटिरिन (एक साधी चरबी) घातलेल्या अगारवर त्याच्या वसाहतींभोवती ठळक वलय येते. पेप्टोन, यीस्ट अर्क, क्षार आणि १ टक्का ऑलिव्ह तेल असलेल्या द्रव माध्यमात, ३७ अंश सेल्सियसला, मिनिटाला १५० फेऱ्यांच्या शेकरवर ४८ तासांनी लायपेजची (तेल-चरबी फोडणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची) क्रियाशीलता सर्वाधिक मिळते. वाढ सुधारावी म्हणून १ टक्का ग्लुकोज घातले, तर ६०० नॅनोमीटरवरची गढुळता जवळजवळ दुप्पट झाली, पण विकर जेमतेम हाती लागले. शिवाय पी-नायट्रोफेनिल पामिटेट (विकराने फोडल्यावर पिवळे पी-नायट्रोफेनॉल देणारे संयुग) वापरून ४१० नॅनोमीटरवर घेतलेल्या आलेखात सामू (पीएच) ५ आणि ६ ला क्रियाशीलता शून्याजवळ, तर ८.५ ला शिखर दिसते. म्हणून माध्यमाचा सामूही ८.५ ठेवावा आणि अनेक घटक एकत्र बदलून सर्वोत्तम प्रमाण शोधणाऱ्या बॉक्स-बेनकेन आराखड्याकडे थेट वळावे, असा विचार आहे. तो योग्य वाटतो का?

काचनळी:
ग्लुकोजचे कोडे तसे जुनेच आहे. सोपी साखर समोर असताना जिवाणू तेल फोडण्याच्या उठाठेवीत पडत नाही. लायपेजच्या जनुकाची अभिव्यक्ती दबते, आणि यालाच कॅटाबोलाइट रिप्रेशन म्हणतात. तेल हे येथे अन्नही आहे आणि विकर तयार करण्याचा इशाराही. मात्र सगळा दोष याच कारणावर टाकू नका. ग्लुकोजवर वाढताना असे जिवाणू बरेच आम्ल सोडतात, त्यामुळे शेवटी फ्लास्कमधला सामू किती उरतो हे मोजले आहे का? मोजले नसेल, तर फॉस्फेट बफर (सामू स्थिर ठेवणारे क्षार) वाढवून हाच प्रयोग पुन्हा करावा. दमन आणि आम्लता यांचा वाटा तेव्हाच वेगळा दिसेल.

जुना शेकर:
आराखडा नंतर, आधी मोजमाप तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पी-नायट्रोफेनॉलचा पिवळा रंग त्याच्या आयनाचा असतो आणि त्याचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू आयनरूपात असतात तो) सुमारे ७.१५ आहे. म्हणजे सामू ५ ला शंभरातला एकही रेणू पुरता पिवळा नसतो, ६ ला सहा-सात असतात आणि ८.५ ला पंच्याण्णवच्या वर. आपला आलेख विकराचा नसून बऱ्याच अंशी रंगद्रव्याचाच आहे, अशी मला दाट शंका आहे. अभिक्रिया थांबवून प्रत्येक नळी शेवटी सोडियम कार्बोनेटने सारख्याच अल्कधर्मी सामूवर आणावी, नाहीतर ३४८ नॅनोमीटरच्या आसपास वाचन घ्यावे, जिथे दोन्ही रूपे सारखाच प्रकाश शोषतात. प्रत्येक सामूसाठी विकराविना नियंत्रण नळीही हवीच, कारण अल्कधर्मी द्रावणात पामिटेट आपोआपही फुटते.

त्याहून मूलभूत गोष्ट अशी की विकर ज्या सामूला सर्वाधिक काम करते, तोच सामू ते तयार होण्यासाठी उत्तम असतो असे मुळीच नाही. तयार करणारी पेशी आहे. तिची सोय वेगळी, विकराची वेगळी. तापमानाचेही तेच. गढुळतेवरून वाढ मोजत असाल तर तेलाच्या थेंबांनीही प्रकाश विखुरतो, त्यामुळे तेलाच्या फ्लास्कसाठी वसाहती मोजणेच बरे. आणि ट्रायब्युटिरिनवरचे वलय साधे एस्टरेजही (लहान एस्टर फोडणारे विकर) देते. ऱ्होडामाइन बी व ऑलिव्ह तेलाच्या अगारवर अतिनील प्रकाशात नारिंगी चमक दिसली, तरच लायपेज म्हणावे.

त्रिमिती:
वरील दुरुस्त्या झाल्यावर प्रथम प्लॅकेट-बर्मन आराखडा (१९४६) घ्यावा, कारण त्यात १२ फ्लास्कमध्ये ११ घटकांची चाळणी होते. त्यातून निवडलेल्या तीन घटकांसाठी बॉक्स-बेनकेन (१९६०) वापरावा. मध्यबिंदू तीनदा घेतला तर १५ प्रयोग पुरतात. एका वेळी एकच घटक बदलत गेल्यास तेलाचे प्रमाण आणि फेऱ्यांचा वेग यांच्यातला परस्परसंबंध सुटतो, कारण जास्त तेल नीट विखुरण्यासाठी वेगही जास्त लागतो आणि २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर माध्यम भरले तर ऑक्सिजनही कमी पडतो. ग्लुकोज मात्र चाळणीत ठेवावेच. त्याचा ऋण परिणाम आकड्यांत दिसला तर प्रबंधात मांडायला सोपे जाते.

मृद्गंध:
सर्वांचे आभार. ग्लुकोजच्या फ्लास्कचा शेवटचा सामू ५.१ निघाला, तेलाच्या फ्लास्कचा ६.४. बफर वाढवल्यावर विकर थोडे परत आले, पण ग्लुकोजविना मिळते तेवढे नाही. म्हणजे दोन्ही कारणे खरी होती. कार्बोनेटने थांबवून पुन्हा मोजल्यावर सामू ६ ला चांगली क्रियाशीलता दिसली आणि शिखर ८ कडे सरकले. जुना आलेख वहीतून खोडला आहे. ऱ्होडामाइनची प्लेट उद्या पाहणार आहे.